दर्याला काय होत नाय

आमच्या मोहल्ल्यात एक वाक्य आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आहोत. 'दर्याला काय होत नाय.' इंजिनातले काळे तेल बदलले, ओत दर्यात. चप्पल तुटली, फेक दर्यात. जाळे फाटले आणि सांधण्याच्या पलीकडे गेले, सोड दर्यात. एखादे लहान मूल हातातली पिशवी घेऊन थबकलेच, तर मोठे माणूस हसून म्हणे, "टाक रे, दर्याला काय होत नाय."

या वाक्यात नुसती बेपर्वाई होती असे आम्ही म्हणणार नाही. त्यात विश्वासही होता. जुन्या कुराणशरीफची जीर्ण पाने, अरबी अक्षरे छापलेली कॅलेंडरे पायदळी येऊ नयेत म्हणून याच दर्याच्या स्वाधीन होत. आमची दादी ती पाने डोळ्यांना लावी, पिशवीत घालून त्यात दगड ठेवी, तोंड घट्ट बांधी आणि अब्बांच्या हाती देई. खोल पाण्यात सोड, असे दोनदा बजावी. दर्याइतकी पाक जागा तिला दुसरी ठाऊक नव्हती. कचरा आणि कलामेपाक, दोन्ही एकाच ठिकाणी जात होते, याचे तिला किंवा आम्हाला कधी नवल वाटले नाही.

रत्नागिरीच्या खाडीमुखाशी आमची वस्ती. जात दालदी, धंदा मासेमारीचा. आजोबा शिडाच्या होडीवर गेले, अब्बा इंजिनाच्या होडीवर जातात. आम्हीही गेलो असतो, पण आम्हाला बोट लागायची. मच्छीमाराच्या पोराला बोट लागते, याहून मोठी थट्टा मोहल्ल्यात कोणती असणार! शेवटी अब्बांनीच म्हटले, "याला शिकू दे." आम्ही शिकलो, बी.एड. झालो आणि गेली अकरा वर्षे उर्दू माध्यमाच्या शाळेत विज्ञान शिकवतो. घरात कोकणी बोलतो, फळ्यावर उर्दू लिहितो, आणि मनातले लिहायचे झाले की मराठीकडे वळतो. आमच्यासारख्या अनेकांचे असेच आहे.

जानेवारी २०२४ मधली गोष्ट. सातवीच्या वर्गात प्रदूषण शिकवत होतो. उर्दूत त्याला आलूदगी म्हणतात. 'आबी आलूदगी'ची व्याख्या आम्ही फळ्यावर लिहिली, मुलांनी एका सुरात म्हटली. पाठ छान चालला होता. एवढ्यात मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. बाप खलाशी, हा स्वतः सकाळी जेट्टीवर बर्फ फोडून शाळेत येणारा. म्हणाला, "सर, दर्याचा पानी पाक हाय ना? मौलाना सांगतात. मग तो आलूदा कसा व्हईल?"

वर्ग शांत झाला. बी.एड.ला आम्ही कितीतरी सराव पाठ घेतले होते, पण या प्रश्नाचे उत्तर एकाही पाठाच्या टाचणात नव्हते. नाही म्हणावे तर दीनियातच्या तासाला खोटे पाडल्यासारखे, हो म्हणावे तर विज्ञानाचा धडाच मिटून ठेवावा लागेल. "उद्या सांगतो," म्हणून आम्ही वेळ मारून नेली.

मगरिबनंतर आम्ही मशिदीत इमामसाहेबांना गाठले. प्रश्न ऐकून ते हसले. मग ओट्यावर बसवून त्यांनी समजावले. आम्ही कोकणी मुसलमान शाफई मसलकाचे. आमच्याकडे 'कुल्लतैन'चे माप आहे, दोनशे लिटरच्या आसपास. त्याहून अधिक पाण्यात नजासत पडली तरी ते नापाक होत नाही, जोवर त्याचा रंग, चव किंवा वास बदलत नाही. समुद्राच्या पाण्याने वुजू होतो, त्यातली मेलेली मासळीही हलाल. "पण मास्तर," ते म्हणाले, "पाक आहे हे शरीअतने सांगितले. साफ आहे असे कुठे सांगितले? प्लास्टिक नजासत नाही. म्हणून काय ते पाण्यात टाकायची वस्तू झाली? वाहत्या नदीकाठी बसून वुजू करणाऱ्यालाही पाणी उधळू नको अशी शिकवण आहे आपल्याला."

पाक आणि साफ. दोन शब्द आम्ही रोज वापरत होतो आणि एकच समजत होतो. पाक हा पाण्याचा हुकूम, साफ ही पाण्याची हालत. हुकूम अल्लाहचा आहे, हालत आमच्या हातची आहे.

दुसऱ्या दिवशी मुलांना आम्ही एवढेच सांगितले, आणि म्हटले, "आता उद्या येताना घरातून, जेट्टीवरून, जे जे दर्यात टाकतात त्याचा एकेक नमुना आणा." भरतीच्या पाण्याची एक बादली आम्ही आणली. समुद्राच्या पाण्याची घनता साधारण १.०२५. त्याहून हलके ते तरंगेल, जड ते बुडेल. हा सातवीच्या मुलालाही समजणारा हिशेब. मुले एकेक वस्तू टाकू लागली आणि ओरडू लागली, "तरंगला! बुडाला!"

बाटलीचे झाकण तरंगले. ते पॉलिप्रॉपिलीनचे, घनता ०.९०. दुधाची पिशवी तरंगली, पॉलिथिनची घनता एकाहून थोडी कमी. थर्माकोल तर बादलीबाहेर उडू पाहत होता. पण त्याच बाटलीचा कापलेला तुकडा तळाला गेला, कारण तिचे प्लास्टिक वेगळे, घनता १.३८. आणि शेवटी त्या बर्फवाल्या मुलाने खिशातून जाळ्याचा मूठभर तुकडा काढून सोडला. हिरवे नायलॉन, घनता १.१४. ते हळूहळू, पदर पसरल्यासारखे उलगडत खाली गेले आणि तळाच्या बाटलीच्या तुकड्याला जाऊन लपेटले. मुले गप्प झाली.

किनाऱ्यावर आपल्याला दिसते ते तरंगणारे. बुडणारे दिसत नाही. आणि बुडणाऱ्यात सर्वांत घातक वस्तू कारखान्याची नाही, शहराची नाही, आमच्या धंद्याची आहे. आजोबांच्या लहानपणी जाळी सुताची, तागाची असत. झाडाच्या सालीच्या काढ्यात ती उकळून वाळवीत, म्हणजे लवकर कुजत नसत. पण शेवटी कुजत. तुटलेले जाळे समुद्रात राहिले तर काही महिन्यांत त्याची माती होई. नायलॉन १९३५ साली अमेरिकेतल्या एका प्रयोगशाळेत जन्मले आणि पुढे आमच्या किनाऱ्यावर आले. हलके, मजबूत, न कुजणारे. मच्छीमाराला वाटले, दुवा कबूल झाली. पण जे होडीवर कुजत नाही ते तळाशीही कुजत नाही. हरवलेले जाळे मालकावाचून मासे धरत राहते. मासा अडकतो, मरतो, त्याला खायला खेकडा येतो, तोही अडकतो. ना कुणी ते ओढणारा, ना कुणी ती मासळी खाणारा. इंग्रजीत अशा जाळ्यांना भुताची जाळी म्हणतात. आम्हाला वाटते, भुताला उगाच बदनाम केले आहे.

आणि जे तरंगते त्याचेही पुढे तुकडेच होतात. ऊन, लाट, वाळू त्याला भरडत राहतात. पाच मिलिमीटरहून लहान तुकड्यांना आज मायक्रोप्लास्टिक म्हणतात. इंग्लंडच्या प्लिमथ विद्यापीठातले रिचर्ड थॉम्पसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या २००४ सालच्या निबंधानंतर हा शब्द जगभर रूढ झाला. मोठी मासळी आपण पोट काढून खातो. पण जवळा, मांदेली, सुकी बारीक मासळी आपण अख्खी खातो. कालवे आणि तिसऱ्या तर पाणी गाळूनच जगतात. आमची दादी ओहोटीला खडकावरची कालवे फोडून आणायची. एकेक कालव दिवसभरात कित्येक लिटर पाणी आपल्या अंगातून गाळते. जे त्या पाण्यात असेल ते त्याच्यात, आणि जे त्याच्यात ते आमच्या ताटात.

हे सगळे आम्ही रात्री जेवताना अब्बांना सांगितले. अब्बांनी शांतपणे ऐकले आणि मग विचारले, "मास्तर, शहराच्या गटाराला घनता किती?"

अब्बा शाळेत चौथीपर्यंत गेले, पण त्यांचा मुद्दा खोटा नव्हता. समुद्राची घाण बहुतांशी जमिनीवरून येते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ च्या अहवालाप्रमाणे देशातल्या शहरांत रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी तयार होते, आणि ते शुद्ध करण्याची यंत्रणा आहे ३१,८४१ दशलक्ष लिटरची. उरलेले नाले, नदी, खाडी अशा वाटेने शेवटी कुठे जाते हे सांगायला नको. सांडपाणी कुजताना पाण्यातला ऑक्सिजन खाते. आमच्या अरबी समुद्रात पावसाळ्याच्या अखेरीस कमी ऑक्सिजनचे पाणी तळातून किनाऱ्याकडे चढतेच, ती निसर्गाची रीत आहे. पण गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतले डॉ. सय्यद वजीह अहमद नक्वी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली 'नेचर' या नियतकालिकात दाखवून दिले की ही टंचाई वाढत चालली आहे, आणि शेतातल्या खतांबरोबर वाहून येणारे नत्र हे त्याचे कारण असू शकते. याच संस्थेचे एकेकाळचे संचालक डॉ. सय्यद जहूर कासिम. १९८१-८२ मध्ये भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम त्यांच्या नेतृत्वाखाली गेली. आमच्या मुलांना क्रिकेटपटूंची नावे पाठ आहेत, ही दोन नावे आम्ही अलीकडे वर्गाच्या भिंतीवर लावली आहेत.

अब्बा पुढे म्हणाले, "आणि डांबर?" तेही खरे. दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडाशी किनाऱ्यावर काळे चिकट गोळे येतात. लहानपणी ते तळपायाला चिकटत आणि अम्मी रॉकेलचा बोळा घेऊन पाय घासत बसे. ती डांबराची खाण समुद्रात कुठे नव्हती. भर समुद्रात जहाजांनी सोडलेले तेल लाटांत घुसळून घट्ट होते आणि नैऋत्येचा वारा ते आमच्या दारात आणून टाकतो. जहाजांनी तेल सोडू नये म्हणून १९७३ साली 'मार्पोल' नावाचा आंतरराष्ट्रीय करार झाला. करार झाला, तरी गोळे येतच राहिले.

"मग आमच्या एका फाटक्या जाळ्याने दर्याला काय होनार हाय?" अब्बा हात धुवायला उठले. "दर्याला काय होत नाय."

आम्ही उत्तर दिले नाही. आम्हाला वाटले, निदान आम्ही तरी आता शहाणे झालो आहोत.

ते शहाणपण १७ जून २०२४ ला, बकरी ईदच्या संध्याकाळी, खाडीवर गळून पडले. कुर्बानी झाली, गोश्त वाटून झाले. आतडी, चरबी, शिंगे आणि रक्ताने भिजलेली पोती मागे उरली. पाऊस कोसळत होता. आमच्या बोळात कचऱ्याची गाडी शिरत नाही, आणि मागच्या अंगणात खड्डा खणायचा तर चिखलात उभे राहणार कोण? अम्मीने सगळे तीन काळ्या पिशव्यांत भरून दारात ठेवले. दरवर्षी ठेवते तसेच. आणि दरवर्षी नेतो तसेच आम्ही त्या उचलून अंधार पडायच्या सुमाराला खाडीच्या उतारावर गेलो. मासेमारी बंदीचे दिवस, होड्या वर ओढून झाकलेल्या, चिटपाखरू नव्हते.

पहिली पिशवी भिरकावली. दुसरी उचलली तेव्हा मागून आवाज आला.

"सर, हां तरंगंल का बुडंल?"

तो बर्फवाला मुलगा होता. होडीच्या आडोशाला गरी टाकून बसला होता. त्याने ते कुचेष्टेने विचारले असते तर आम्ही ओरडलो असतो. पण त्याचा चेहरा वर्गात असतो तसाच होता. त्याला खरोखरच जाणून घ्यायचे होते. पिशवी पॉलिथिनची, आत गोश्त, मध्ये हवा. तो मनातल्या मनात हिशेब करत होता.

पहिली पिशवी तोवर फुगून, तरंगत, ओहोटीबरोबर समुद्राकडे निघाली होती. आम्ही दोघेही तिच्याकडे पाहत राहिलो. मग आम्ही उरलेल्या दोन पिशव्या उचलल्या आणि घरी परत आलो. अम्मी म्हणाली, "काय झाला?" आम्ही कुदळ शोधली. रात्री साडेनऊपर्यंत पावसात खणले. खड्डा कमरेएवढा खोल घेतला, नाहीतर कुत्री उकरतात. अब्बा पडवीत बसून विडी ओढत बघत होते. शेवटी न बोलता उठले, कोपऱ्यातला चुना आणून खड्ड्यात टाकला आणि माती ओढू लागले.

कुर्बानी ही इबादत. ती सकाळी आम्ही किती अदबीने केली होती, सुरीला धार नीट आहे का हे दोनदा पाहिले होते, जनावराला पाणी पाजले होते. आणि त्याच इबादतीचा शेवट आम्ही चोरासारखा अंधारात, प्लास्टिकच्या पिशवीत करायला निघालो होतो. जे काम दिवसाउजेडी करायची लाज वाटते, ते दर्याला काही होत नाही म्हणून करतो, की दर्या बोलत नाही म्हणून?

त्या डिसेंबरात एका रविवारी आम्ही अब्बांबरोबर होडीवर गेलो. वर्गात शिकवतो ते एकदा डोळ्यांनी पाहावे म्हणून गेलो, आणि अपेक्षेप्रमाणे आम्हाला बोट लागली. कठड्याला टेकून बसलो असता जाळे ओढता ओढता खलाशी ओरडले, "कासव!" ऑलिव्ह रिडली जातीची मादी, दोन-सव्वादोन फुटांची पाठ. हिवाळ्यात ही कासवे अंडी घालायला आमच्या किनाऱ्याकडे येतात. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' या संस्थेने २००२ पासून त्यांची घरटी राखायला सुरुवात केली, तेव्हापासून कोकणात त्यांची ओळख वाढली. समुद्रात राहून शेवाळ चढलेल्या प्लास्टिकला अन्नासारखा वास येतो आणि समुद्री कासवे त्या वासाने फसतात, असे २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात दिसून आले. तरंगती पिशवी तर त्यांना जेलीफिशसारखीच दिसते. आम्हाला ती काळी पिशवी आठवली.

ही मादी आमच्या जाळ्यात नुकती अडकली होती. पण तिच्या पुढच्या उजव्या वल्ह्याभोवती दुसरेच एक जाळे करकचून रुतले होते. जुने, शेवाळलेले. मांस सोलून हाडापर्यंत गेलेले. अब्बांनी आधी स्वतःच्या जाळ्याला सुरी लावली. नव्या जाळ्याचा हातभर तुकडा कापला, एक शब्द न बोलता. मग त्या रुतलेल्या जाळ्याचा एकेक धागा तोडत बसले. कासव सुस्कारे टाकत होते, अगदी माणसासारखे. मोकळे केल्यावर दोघांनी धरून तिला पाण्यात सोडले. एक वल्हे ओढत ती खाली गेली. जगली की नाही, अल्लाह जाणे.

एका तरुण खलाशाने मोबाइलवर चित्रण केले होते. संरक्षित प्राणी सोडवताना जाळे कापावे लागले तर डिसेंबर २०१८ पासून महाराष्ट्र शासन मच्छीमाराला पंचवीस हजार रुपयांपर्यंत भरपाई देते, त्याला असा पुरावा लागतो. आम्ही अब्बांना ते सांगितले. त्यांचे लक्ष नव्हते. ते कासवाच्या वल्ह्यातून निघालेला तुकडा बोटांत फिरवत होते. त्याचा आस त्यांनी अंगठ्याने मोजला, गाठ उलटसुलट पाहिली. मग हळूच म्हणाले, "हां आपल्याच बाजूचा हाय."

त्यांनी तो तुकडा पाण्यात टाकला नाही. होडीच्या नाळेवर खिळ्याला अडकवून ठेवला.

तेव्हापासून अब्बांच्या होडीवर एक रिकामे पोते असते. जाळ्यात मासळीबरोबर येणाऱ्या पिशव्या, बाटल्या, दोऱ्या पूर्वी परत पाण्यात जात, त्या आता पोत्यात जातात. घरी जीर्ण पानांसाठी आम्ही मोठी मातीची कुंडी केली आहे. इमामसाहेबांना विचारून ती पाने पाक जागी, कोऱ्या कापडात गुंडाळून पुरतो. गेल्या बकरी ईदला आमच्या बोळातल्या पाच घरांनी मिळून आदल्या दिवशी एकच मोठा खड्डा खणला. पाचच. बाकीच्यांच्या पिशव्या अंधारात गेल्याच. आम्ही त्यांना बोललो नाही, कारण एक वर्षापूर्वीपर्यंत आम्हीही त्यांच्यातच होतो.

हे सगळे फार मोठे काही आहे असा आमचा दावा नाही. अब्बांचा प्रश्न अजून तसाच उभा आहे. शहराचे गटार त्यांच्या पोत्यात मावत नाही, जहाजांचे तेल मावत नाही. ज्यांच्याकडे ते थांबवण्याची ताकद आहे त्यांना जाब विचारलाच पाहिजे. पण जाब विचारायला जाताना आपल्या हातात काळी पिशवी असून चालत नाही, एवढे आम्हाला त्या मुलाने शिकवले. तो आता नववीत आहे. बर्फ अजून फोडतो. त्याला विज्ञानात चांगले गुण मिळतात. बोट त्याला लागत नाही. डॉ. कासिम यांच्या नावाखाली तो उभा असतो तेव्हा आमच्या मनात काय काय येते, ते आम्ही अजून त्याला सांगितलेले नाही.

परवा अब्बा जेट्टीवरून आले ते पोते खांद्यावर घेऊनच. ओले, खारे, जड. जाळ्याचे नायलॉन भंगारवाला किलोवर घेतो, बाटल्याही घेतो. उरलेल्याला कुणी हात लावत नाही. तसली चार पोती आमच्या पडवीत आधीच जमली आहेत. अब्बांनी पाचवे त्यांच्या शेजारी ठेवले, कंबर सरळ केली आणि आम्हाला विचारले,

"दर्यात नाय टाकला. आता सांग मास्तर, टाकू कुठं?"